सकाळचे दोन तुकडे

“ती बी.पी.ची गोळी मी सोडून दिली. आता सकाळी दोन तुकडे चॉकलेट, बस्स.”

अप्पा हे इंग्रजीत म्हणाले. ते जिन्याच्या वळणावर उभे होते, रोज त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या मित्राशी बोलत. मी दाराच्या आत, लोखंडी जाळीच्या मागे होते. एक सँडल पायात, दुसरी हातात.

“आणि डॉक्टर कोण तुझी? ती भाडेकरू पोरगी?” मित्र हसले.

“हसू नको. तिची कंपनी त्याच कामात आहे.”

“ती बोलते तरी का? वर्षभरात मी तिचा आवाज ऐकलेला नाही.”

“म्हणून तर. जी एवढं कमी बोलते ती उगाच काही सांगणार नाही. सतरा दिवस झाले, मला झालं का काही? उलट पाय बघ, गोळीने आलेली सूज गेली. पण घरात बोलू नको हं. बायको पुन्हा गोळी चारेल आणि पुन्हा हे हत्तीचे पाय.”

मी सँडल आवाज न करता खाली ठेवली. अप्पा वर आले, जाळी उघडली, मला पाहिलं आणि लगेच मराठीत म्हणाले, “काय मा, आज उशीर झाला की तुला.”

इथे सगळ्याच मुलींना ‘मा’ म्हणतात, रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत. मी मान हलवली आणि जिना उतरले. खाली पोचल्यावर कळलं की दुसऱ्या सँडलचा पट्टा लावलेलाच नाही.

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये मी वर्षभर राहत होते. मी मूळची साताऱ्याची. माझे घरमालक अप्पा आणि त्यांची बायको अम्मा तंजावरकडचे मराठी, त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर वर-खाली होणारी, आणि मधेच एखादा शब्द असा की तो मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असायचा. त्यांचा मुलगा सिंगापूरला असतो. तो फोनवर तमिळ आणि इंग्रजी बोलतो, मराठी त्याला समजते पण तोंडात येत नाही. म्हणून खोली देताना अम्मांनी एकच अट घातली होती. घरात मराठी. इंग्रजी जिन्यात.

मला ती अट ऐकून हसू आलं होतं. माझ्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. मी बाहेर उभी राहण्यापेक्षा गप्प बसायला शिकले आणि ते अंगवळणीच पडलं. आता उलटं होतं. घरी आईशी बोलते तेवढी मराठी माझ्याकडे होती: भूक, कपडे, ताप, कोण कुठे गेलं. त्यापुढे मला शब्द इंग्रजीत सुचतात आणि मराठीत येईपर्यंत समोरच्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. पण अप्पा-अम्मांना माझी ती अपुरी मराठीही आवडायची. “साताऱ्याची भाषा,” असं अप्पा कौतुकाने म्हणायचे.

माझी नोकरी पेरुंगुडीला, आहार आणि आरोग्याचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत. मी टेस्टर आहे. अ‍ॅपमध्ये काय बिघडतं ते शोधायचं आणि लिहून कळवायचं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि ते किती गंभीर आहे. बोलावं लागत नाही. म्हणूनच ते काम मला जमतं.

त्या गुरुवारी मी मांबलमहून लोकलने निघून गिंडीला उतरले, तिथून कंपनीच्या बसमध्ये बसले, आणि ऑफिसला पोचेपर्यंत एकच दृश्य डोळ्यांसमोर होतं. आमच्या स्वयंपाकघरातलं. तीन आठवड्यांपूर्वीचं.

मी ऑफिसातून डार्क चॉकलेटची एक वडी आणली होती, पंच्याऐंशी टक्के कोकोची. फ्रिजमध्ये ठेवायला गेले तर अप्पांनी ती हातात घेऊन चष्मा वर-खाली केला. चेन्नईच्या उकाड्यात चॉकलेट बाहेर ठेवता येत नाही आणि फ्रिजमधलं दातांनी तुटत नाही. त्यांनी अडकित्ता आणला आणि सुपारी कातरावी तसा एक तुकडा कातरून तोंडात टाकला.

“अगं, हे तर डिकॉक्शन!” ते म्हणाले. “दूध न घातलेली कॉफी. हे लोक पैसे देऊन खातात?”

“हृदयाला चांगलं असतं,” मी म्हणाले.

ते वाक्य मी का बोलले? बहुधा बोलता येण्यासारखं होतं म्हणून. अप्पांनी लगेच विचारलं, “पेपरात आलं होतं मागे. म्हणजे खरं आहे ते? बी.पी.लाही?”

“हो. बी.पी.लाही. थोडं.”

“थोडं म्हणजे?”

थोडं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या अ‍ॅपमध्ये त्यावर एक पान आहे आणि ते मी तपासलं होतं. कोकोत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला एक वायू तयार करायला मदत करतात आणि त्या वायूमुळे वाहिन्या जराशा सैल होतात. म्हणून काही लोकांचं बी.पी. किंचित उतरतं. पण किंचितच, आणि सगळ्यांचं नाही. शिवाय चॉकलेट बनवताना ती द्रव्यं बरीचशी निघून जातात, कुठल्या वडीत किती उरली ते वेष्टनावरच्या टक्क्यांवरून कळत नाही. वर साखर आणि चरबी असतेच. आणि ज्याला गोळी चालू आहे त्याच्यासाठी ते गोळीची जागा घेऊ शकत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत ओळीने उभं होतं. मी ‘रक्तवाहिनी’ या शब्दापाशी अडखळले. अम्मा उपम्याच्या ताटल्या मांडत होत्या. अप्पा वाट बघत होते, भुवया उंचावून, अगदी प्रेमाने.

“म्हणजे… चांगलं,” मी म्हणाले.

“कडू आहे म्हणजे औषध असणारच,” अप्पा म्हणाले आणि दुसरा तुकडा कातरला. पुढच्या आठवड्यात त्यांनी वडी मागितली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी आणत गेले. मला बरं वाटत होतं. त्या घरात माझ्या हातून काहीतरी दिलं जातंय असं वाटत होतं.

ऑफिसात मी ते कोकोचं पान पुन्हा उघडलं. अगदी खाली लहान अक्षरांत ओळ होती: हा औषधाला पर्याय नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये. दोन महिन्यांपूर्वी मी स्वतःच त्या पानाबद्दल कळवलं होतं, की लहान स्क्रीनच्या फोनवर ही शेवटची ओळ कापली जाते आणि वरचा फायदा तेवढा दिसतो. गंभीरता: सर्वांत वरची. मी तेव्हा लिहिलं होतं की यामुळे वापरणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. टीममधल्या एकाने हसणारा चेहरा टाकला होता: एवढं घाबरू नकोस, चॉकलेटच आहे.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी ज्या खोलीत राहते तिथे पूर्वी अप्पांचे थोरले भाऊ असत. त्यांना बी.पी. होतं आणि ते गोळ्या विसरायचे. एका सकाळी त्यांचं अर्धं अंग गेलं. आठ महिने ते त्या खोलीत पडून होते आणि अम्मांनी त्यांचं सगळं केलं. हे अम्मांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. न्हाणीघराच्या भिंतीवर त्यांच्यासाठी बसवलेला लोखंडी दांडा अजून आहे, मी त्याच्यावर टॉवेल टाकते. त्यानंतर अम्मा अप्पांच्या गोळ्यांबाबत फार कडक झाल्या. पण मोतीबिंदूमुळे त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत, गोळ्यांचे रंग कळत नाहीत. म्हणून दर रविवारी सकाळी सात खणांचा तो प्लास्टिकचा डबा मी भरायची. कोलेस्टेरॉलची गुलाबी, व्हिटॅमिनची पिवळी, बी.पी.ची पांढरी. अम्मा शेजारी बसून विचारायच्या, “पांढरी घातलीस ना ग? सातही?” आणि मी म्हणायची, “घातली.” पुढच्या रविवारी डबा रिकामा असायचा. रिकामा डबा बघून दोघींनाही बरं वाटायचं.

संध्याकाळी बोलायचं असं ठरवून मी परतले. अप्पा सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. चेहरा जास्त लाल आहे का? पेपर धरलेला हात थरथरतोय का? त्यांनी पेपर खाली केला.

“आणलंस का मा? संपत आलं बघ.”

“दुकानात नव्हतं,” मी म्हणाले.

“उद्या बघ हं. औषध चुकायला नको,” आणि त्यांनी डोळा मिचकावला. तो आमचा एक खेळ झाला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. अम्मा आतून ओरडल्या, “चॉकलेट खाऊन दात पडतील, मग मला सांगू नका!” अप्पा म्हणाले, “अगं, पडायला शिल्लक किती आहेत?” दोघं हसले. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या घरातले आवाज मी आधी कधी एवढे ऐकले नव्हते. स्वयंपाकघरात भांडं पडलं की मी उठून बसायची. न्हाणीघरात पाणी पडायचं थांबलं आणि अप्पा बाहेर आले नाहीत, तर मी मनात मोजत राहायची. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली तर ती आमच्या गल्लीकडे वळते का ते ऐकायची.

शुक्रवारी मी चिठ्ठी लिहिली, इंग्रजीत. मला जमतं तसंच लिहिलं: काय झालं, काय व्हायला हवं, किती गंभीर आहे. स्वच्छ, अर्ध्या पानाची. अप्पांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्यांना एका वाचनात कळलं असतं. सकाळच्या पेपराच्या घडीत ती ठेवली आणि दारापर्यंत गेले. मग वाटलं, ते ती वाचतील, हसतील आणि खिशात घालतील. जशी रोजची पांढरी गोळी ते कुठेतरी घालत असणार. अम्मांना वाचता येत नाही. कागद त्या घरात लपवायला सगळ्यांत सोपा. मी परत फिरून चिठ्ठी काढून घेतली आणि ऑफिसच्या बसमध्ये तिचे तुकडे केले.

सिंगापूरला मुलाला कळवावं, असंही मनात आलं. फोन उघडून त्याचं नाव काढलं, बंद केला. खरं सांगायचं तर त्या विचारामागे दुसरी भीती होती. त्याने विचारलं असतं, चॉकलेटचं त्यांना सांगितलं कोणी? अप्पांना काही झालं तर, यापेक्षा ते माझ्यामुळे झालं हे सगळ्यांना कळलं तर, याची मला जास्त धास्ती होती. हे लिहायला बरं वाटत नाही. पण ते तसंच होतं.

शनिवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. अप्पाही वर आले होते, अम्मांनी ताटात पसरलेल्या मिरच्या उन्हात सरकवायला. ते वाकले, ताट सरकवलं, उठले, आणि त्यांचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. मग पाण्याच्या टाकीला लागला. ते टाकी धरून उभे राहिले, डोळे मिटून. मी हातातला टॉवेल धरून तशीच. पाच-सहा पावलांचं अंतर होतं. मला धावता आलं नाही.

“अप्पा?”

“काही नाही मा. ऊन.” त्यांनी डोळे उघडले, कपाळ पुसलं. “दोन दिवस डोकं जरा जड आहे, बस्स. अम्माला सांगू नको हं.”

आणि मी मान हलवली. होकारार्थी. ती मान हलताना मला जाणवत होती, थांबवता मात्र आली नाही.

ते हळूहळू खाली गेले. मी गच्चीवरच बसले. सकाळचे आठच वाजले होते, चक्कर यावी असं ऊन अजून चढलं नव्हतं. अप्पांनाही ते माहीत असणार. म्हणजे तेही घाबरले होते. हे लक्षात आल्यावर माझी भीती वेगळी झाली. तोपर्यंत मला वाटत होतं की त्यांना काही कळत नाहीये आणि मला कळतंय. आता आम्ही दोघं तेच लपवत होतो, आणि ज्या बाईने आठ महिने एक माणूस कुशीवर वळवला होता ती खाली मोहरी फोडणीला टाकत होती.

बी.पी.चं मशीन घरात होतं. अम्मांच्या कपाटात, साड्यांच्या वर. त्याचे सेल संपले होते आणि गोळी नीट चालू आहे म्हणून कोणी नवे घातले नव्हते. दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सेल आणले. रात्रभर ते माझ्या पर्समध्ये होते.

रविवारी सकाळी कॉफी झाल्यावर अम्मांनी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर गोळ्यांचा डबा आणि स्ट्रिपा मांडल्या. अप्पा समोर बसले होते, अडकित्त्याने शेवटचा तुकडा कातरत. मी स्ट्रिपांना हात न लावता मशीन आणलं आणि सेल घालायला लागले. माझ्या बोटांतून एक सेल दोनदा निसटला.

“हे काय आता?” अप्पा म्हणाले.

“बघूया,” मी म्हणाले. एवढंच जमलं.

“बघू दे की,” अम्मा म्हणाल्या. “किती महिन्यांत बघितलं नाही. पोरीला सुचलं, तुम्हाला नाही सुचलं.”

“मला सगळं ठीक आहे. भिंतीला लाव, भिंतीचं बघ.”

“भिंत गोळ्या घेत नाही. हात द्या.”

अप्पांनी हात दिला. मी पट्टा गुंडाळला. त्यांचा दंड मऊ होता, लसूण-तेलाचा वास येत होता. मशीन घुरघुरायला लागलं, पट्टा फुगला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आकडे खाली यायला लागले. मला वाटलं ते अजून उतरतील. ते थांबले.

वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा एकशे आठ.

स्क्रीन माझ्या आणि अप्पांच्या मधे होता. अप्पांना तो उलटा, पण दिसत होता. त्यांच्या हातातला अडकित्ता टेबलावर ठेवला गेला. अम्मा बाजूला बसल्या होत्या. त्यांना स्क्रीनच्या जागी एक उजेडाचा चौकोन दिसत असणार.

“किती ग?” अम्मांनी विचारलं.

मी पट्टा सोडवायला लागले.

“एकशे तीस आहे ना मा?” अप्पा म्हणाले. आवाज हसरा ठेवला होता. पण टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता, चप्पल फरशीवर टकटक करत होती. “सांग तिला. एकशे तीस, आणि खाली ऐंशी. तरुण माणसासारखं.”

ते मला वाक्य देत होते. सोपं, तयार, मराठीत. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ते मला छान येतं. अम्मांनी माझ्याकडे तोंड वळवलं. चेहऱ्याकडे नाही, थोडं बाजूला, जिथून माझा आवाज यायला हवा तिथे, आणि डब्याच्या रिकाम्या खणावर त्यांचं बोट टेकलेलं होतं. मला माझ्या खोलीतला तो कोपरा आठवला, जिथे पूर्वी थोरल्या भावांचा पलंग होता. आणि तो दांडा, ज्याच्यावर माझा ओला टॉवेल होता.

शब्द कुठल्या क्रमाने येतील याची मी वाट पाहिली नाही.

“एकशे अठ्ठ्याऐंशी आहे, अम्मा,” मी म्हणाले. “खालचा एकशे आठ. अप्पांनी पांढरी गोळी वीस दिवस घेतलेली नाही. चॉकलेट पुरतं असं त्यांना वाटतं, कारण मीच तसं सांगितलं. ते खरं नाही. मला पुढचं बोलता येत नव्हतं म्हणून मी ‘चांगलं’ म्हणून थांबले. काल गच्चीवर त्यांना चक्कर आली, तीही मी लपवली. आता डॉक्टरांकडे जायचं. मी पण येते. तिथे मी बोलेन.”